साय

४ जून

ठिणगे,

दोन वेळा नीट जेवतेस असं धरून चालतो, कारण विचारलं तर तू खरं सांगणार नाहीस. फोन करत नाही म्हणून फुगून बसू नकोस. पस्तीस वर्षं भट्टीच्या घरघरीत काढल्यावर माझ्या कानांनी हात टेकलेत. फोनवर तुझं नुसतं घुं घुं ऐकू येतं आणि मी उगाच 'हो, हो' म्हणत बसतो. पत्र बरं, ते दोनदा वाचता येतं. फक्त अक्षर जरा मोठं काढ आणि काळी शाई वापर. हल्ली दुकानात शाईसुद्धा पातळ मिळते वाटतं.

इकडे सगळं आहे तसंच आहे. साहेबांनी लोखंडाचा ताप मोजायचं एक यंत्र आणलंय. लांब दांडा रसात बुडवायचा, की डब्यावर लाल आकडा उमटतो. मी ते पेटीत नीट झोपवून ठेवलंय. अजून तरी मी 'साय आली' म्हटल्याशिवाय कारखान्यात कोणी रस ओतायची लॅडल हलवत नाही. तुला आठवतात ना रंग? शाळा सुटली की फाटकाच्या जाळीला नाक लावून म्हणायचीस: विटकरी, शेंदरी, केशरी, हळदी, लिंबू, साय. तुझी आई गेली त्या वर्षी दुसरं काही तुझ्या डोक्यात शिरत नव्हतं, रंग मात्र एका आठवड्यात पाठ केलेस.

हे पत्र लिहायचं खरं कारण आपला मुका. लॅडलला आतून मातीचं अस्तर लावणारा. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो म्हणून त्याला मुका म्हणतात, हे तुला माहीतच आहे. परवा डबा खाताना म्हणाला, "दादा, आपली भट्टी चार तास विसरली तर थंड होते. मग ताऱ्यात कोळसा कोण टाकतं?" मी म्हटलं, माझी भाची तेच शिकतेय, तिला विचारतो. तेव्हा आता माझी अब्रू राख आणि समजेल असं लिही.

तुझा मामा


१५ जून

प्रिय मामा,

जेवते. खरंच जेवते. खोली लहान आहे, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे, आणि तारे मी संगणकावर दिवसाढवळ्या बघते. लोकांना वाटतं मी गच्चीवर दुर्बीण लावून बसते. असो.

मुकाकाकांना सांग, ताऱ्यात कोळसा कोणीच टाकत नाही, कारण तिथे काही जळत नाही. ताऱ्याचं स्वतःचं वजनच इतकं असतं, की त्याचा गाभा चिरडला जातो आणि कोट्यवधी अंश तापतो. त्या तापात हायड्रोजनचे कण एकमेकांवर आदळून चिकटतात आणि त्यांचं हेलियम होतं. चिकटताना थोडं वजन कमी भरतं, ते उष्णता होऊन बाहेर पडतं. वजन आत दाबतं, उष्णता बाहेर ढकलते. ही रेटारेटी बरोबरीत सुटते तोवर तारा उभा.

हायड्रोजन संपला की गाभा आणखी दबतो, आणखी तापतो, आणि हेलियमचं कार्बन होऊ लागतं. मग पुढचं. आपला सूर्य कार्बनच्या आसपासच थांबेल, त्याच्या अंगात तेवढा जोर नाही. पण मी अभ्यासाला घेतलेला माझा तारा आडदांड आहे. अशा ताऱ्याला पहिला टप्पा सत्तर-ऐंशी लाख वर्षं पुरतो. दुसरा सहा-सात लाख. कार्बन काही शतकं, ऑक्सिजन काही महिने. शेवटी तीनशे कोटी अंशांना सिलिकॉनचं लोखंड होतं, त्याला जेमतेम एक दिवस लागतो.

आणि लोखंड झालं की खेळ संपला. लोखंडाचे कण कितीही चिकटवा, त्यातून उष्णता निघत नाही.

ताऱ्याचा ताप मी रंगावरूनच काढते, तुझ्यासारखी. आमच्याकडे फक्त सायीच्या पुढे निळा असतो. मला शिकवणाऱ्या मॅडमना मी तुझे सहा रंग सांगितले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतले.

ठिणगी

ता. क. अक्षर मोठं काढलंय. आता चष्मा बदल, शाईला नावं ठेवू नकोस.


२ जुलै

ठिणगे,

तुझं पत्र आलं आणि मुक्याला आयतं कोलीत मिळालं. मी डबा खाता खाता त्याला वाचून दाखवलं. तेव्हापासून तो गेटवरच्या वॉचमनपासून साहेबांच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना सांगत सुटलाय, की लोखंड म्हणजे ताऱ्याची राख आहे आणि आपण सगळे राखेत हात घालून बसलोय. घरी बायकोलाही सांगितलं. वहिनी म्हणाल्या, राखेचं एवढं कौतुक असेल तर एकदा चूल साफ करा. आम्ही फार हसलो.

आता त्याचा पुढचा प्रश्न. लोखंड झाल्यावर तारा काय करतो? रोज सकाळी लॅडलच्या अस्तरावर तीन टिचक्या मारून, कान लावून आवाज ऐकतो, आणि मान वर करून मला विचारतो, "आलं का पत्र?" लवकर लिही, नाहीतर हा माझं डोकं खाईल.

भट्टी आता म्हातारी झाली. साय यायला फार वेळ लागतो. पूर्वी ज्या वेळात ओतून मोकळे व्हायचो, त्या वेळात हल्ली हळदीवरच घोटाळते. विजेचा दाब कमी असेल. मी चिवट आहे, साय आल्याशिवाय सोडत नाही.

मामा


१२ जुलै

प्रिय मामा,

मुकाकाकांना सांग की त्यांचा प्रश्न आमच्याकडे अख्ख्या वर्गाला पडतो.

लोखंड साचत जातं. गाभ्यात पृथ्वीएवढा लोखंडाचा गोळा होतो. आतून ढकलणारं काही उरत नाही आणि वरचं वजन तर तसंच असतं. मग एका क्षणी तो गोळा आत कोसळतो. एका सेकंदाच्या आत, मामा. लाखो वर्षं उभा राहिलेला तारा, आणि खाली बसायला एक सेकंदही लागत नाही. वरचे थर त्यावर आदळतात, उलटे फिरतात आणि सगळा तारा फुटून दूरवर उधळतो.

पण ते उधळलेलं वाया जात नाही. ते अंतराळातल्या ढगांत मिसळतं, त्या ढगांतून नवे तारे होतात, नव्या जमिनी होतात. तुझ्या लॅडलमधलं लोखंड अशाच फुटलेल्या ताऱ्यांतून आलंय. मुकाकाकांच्या रक्तातलंही. तेव्हा राख म्हणा, पण शेवटची म्हणू नका, असा माझा निरोप द्या.

तुझ्या ओळी खाली का उतरतात? पहिल्या पत्रात सरळ होत्या. या पत्रात तर दोन ओळी एकमेकींवर चढल्यात. चष्म्याचं बघ. मी चेष्टा करत नाहीये.

ठिणगी


३० ऑगस्ट

ठिणगे,

मुका गेला.

सोळा तारखेला दुपारी ओतकाम चालू असताना लॅडल बुडाशी फुटली. रस खाली आला. तो अगदी जवळ होता. चार दिवस दवाखान्यात होता. पहिले दोन दिवस बोलला, मग नाही.

चौकशी झाली. अस्तर कच्चं होतं, असं कागदावर आलंय. अस्तर त्यानेच लावलेलं. म्हणजे त्याचाच हलगर्जीपणा, असं लोक म्हणतात. वहिनी पाण्याला गेल्या तरी बायका गप्प होतात.

मी ठीक आहे. दुसरं काही लिहायला सुचत नाही.

मामा


८ सप्टेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून मी दिवसभर खोलीबाहेर पडले नाही. शाळेत असताना मला पावसात खांद्यावर बसवून घरी सोडणारे मुकाकाका. वाटभर बोलायचे. मी झोपले तरी बोलायचे.

मला एक कळत नाही. तीन टिचक्या मारून आवाज ऐकल्याशिवाय ते लॅडल पुढे जाऊ द्यायचे नाहीत. त्यांचं अस्तर कच्चं कसं राहील? तू त्या लोकांना हे सांगितलंस का? तुझा शब्द तिथे चालतो. काकूंसाठी तरी सांग.

तुझं मन जरा दुसरीकडे वळावं म्हणून माझी फजिती सांगते. माझ्या ताऱ्याचा ताप मी काढला होता, वर्षभर त्यावर गणितं केली. सगळं चुकलं. माझ्या आणि ताऱ्याच्या मध्ये धुळीचा ढग आहे, तो मी हिशेबात धरलाच नाही. धूळ निळा उजेड अडवते आणि लाल पुढे सोडते. त्यामुळे तारा असतो त्यापेक्षा लाल दिसतो, थंड वाटतो. मी बघत होते हळदी आणि तारा होता सायीच्याही पुढे. तारा बिचारा तापतच होता आणि मी म्हणत होते, अजून कच्चा आहे.

सगळ्यांसमोर उभं राहून 'चूक माझी' असं म्हणावं लागलं. कानशिलं तापली होती. पण मॅडम म्हणाल्या, चूक सापडली म्हणजे अर्धं काम झालं. आणि माझ्या चुकीने कोणी मेलं तर नाही.

पत्र लिही. दोनच ओळी लिही, पण लिही.

ठिणगी


५ ऑक्टोबर

मामा,

महिना होत आला. शेजारच्या दुकानात फोन केला, ते म्हणाले तू घरीच असतोस, कामावर जात नाहीस. दार उघडतोस पण बोलत नाहीस. माझ्या पत्रात तुला काही लागलं का? मी काय लिहिलं ते आठवून आठवून थकले. मला सुट्टी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेशिवाय मिळत नाही. तोवर मला असं टांगून ठेवू नकोस.

ठिणगी


२० ऑक्टोबर

ठिणगे,

भिंग घेऊन लिहितोय. एका पानावर सातआठ ओळी बसतात, म्हणून कागद बरेच लागलेत.

तुझं धुळीचं पत्र मी हे भिंग विकत आणून तीन दिवस वाचलं. एकेक अक्षर लावून वाचलं. वाचून झालं आणि कपाटातली पांढरी चादर काढली, दारात उन्हात धरली. ती मला हळदी दिसली. शेजारणीला विचारलं, ही कुठल्या रंगाची? ती म्हणाली, पांढरीशुभ्र आहे की.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पिवळट, जुना. भट्टीकडे बघून बघून होतो म्हणाले. एका डोळ्याचं ऑपरेशन करून पाहतील. दुसऱ्याचा आतला पडदाच गेलाय. विचारलं, किती दिवसांपासून असेल? म्हणाले, दोन-तीन वर्षं तरी.

आता सोळा तारखेचं सांगतो. हे मी चौकशीत सांगितलेलं नाही. कोणालाच सांगितलेलं नाही.

त्या दिवशी साय येता येईना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मुक्याने पेटीतून ते यंत्र काढलं आणि दांडा रसात बुडवला. मला म्हणाला, "दादा, आकडा साडेसोळाशे दाखवतोय. आपण चौदाशेला ओततो. एवढ्या तापाला माझं अस्तर धरणार नाही." मी भट्टीत पाहिलं. मला हळदी दिसत होती. मी म्हटलं, "आकड्याला काय कळतंय? तुझा माझ्यावर विश्वास आहे की डब्यावर?" सगळे बघत होते. तो हसला. म्हणाला, "तुमच्यावर." यंत्र पुसून पेटीत ठेवून आला. मी आणखी पंधरा मिनिटं तापवलं. मग मला जरा लिंबू दिसल्यासारखं वाटलं आणि मी 'साय आली' म्हणून ओरडलो. साय कधी येणारच नव्हती, ती माझ्या डोळ्यांपलीकडे येऊन गेली होती.

त्याचं अस्तर पक्कं होतं. मी ते वितळवलं.

दवाखान्यात तो दोन दिवस बोलत होता, पण यातलं एक अक्षर कोणाजवळ बोलला नाही. ज्याला आम्ही जन्मभर मुका म्हणून चिडवलं, तो माझ्यासाठी गप्प बसला. आणि मी ते चालू दिलं. चौकशीत विचारलं, ताप बरोबर होता का? मी म्हटलं, माझ्या डोळ्यांना बरोबर दिसला. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं, हे शपथेवर सांगतो. पण आकड्याचं मी लपवलं, ते जाणूनबुजून.

आणखी एक. तू जुलैत लिहिलेलं पत्र, लोखंडानंतर काय होतं ते, मला तेव्हा भिंगाशिवाय वाचताच आलं नाही. अक्षर मोठं होतं, तरी नाही. दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटली, कारखान्यात कळलं असतं. तो रोज विचारायचा, "आलं का पत्र?" मी म्हणायचो, नाही आलं. ते महिनाभर माझ्या खिशात होतं.

मी काय करू, ते तू सांग. मी तुला रंग शिकवले तेव्हा तू माझं ऐकलंस. आता मी तुझं ऐकतो.

मामा


२७ ऑक्टोबर

मामा,

तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं.

ते वाक्य मी लिहायला नको होतं. माझ्या चुकीने कोणी मेलं नाही, हे. मला काही माहीत नव्हतं, तरी ते गेलंच माझ्या हातून.

तू आत्ता कोणाला काही सांगू नकोस. आधी डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे. मी वीस तारखेला येते, मग आपण दोघं मिळून ठरवू. तू एकटा तिथे जाऊन उभा राहिलास तर लोक तुला फाडून खातील, आणि मी इथे असेन. तुला दिसत नव्हतं, मामा. जे दिसत नव्हतं त्याचा दोष किती धरायचा? काकूंना आत्ता हे सांगून मुकाकाका परत येणार नाहीत.

हे मी तुझ्यासाठी लिहितेय की माझ्यासाठी, मला माहीत नाही. माझं या जगात तुझ्याशिवाय कोणी नाही. मला फक्त एवढंच कळतं की तू थांबावंस. माझं ऐकतो म्हणालास ना? मग ऐक.

ठिणगी


१४ नोव्हेंबर

ठिणगे,

अक्षर माझं नाही हे तुला दिसेलच. मी सांगतोय आणि मुक्याच्या घरच्या वहिनी लिहून घेतायत. मी म्हटलं, माझं सांगणं जसंच्या तसं लिहा, वाईट असेल तेही.

तुझं ऐकलं नाही. ऐकणार होतो. पण तुझं शेवटचं पत्र भिंगातूनही वाचता येईना. दोन दिवस ते हातात घेऊन बसलो. कोणाकडून वाचून घ्यावं? त्यात काय असेल ते मला माहीत होतं. मग सगळी पत्रं पिशवीत घातली आणि वहिनींच्या दारात गेलो. म्हटलं, एवढी वाचून दाखवा. जुन्यापासून सुरू करा. माझ्या तोंडून निघालं नसतं. तुला लिहिलेल्या पत्राची कच्ची पानं होती, तीही त्यात होती.

त्यांनी सगळं मोठ्याने वाचलं. आकड्याच्या पानावर थांबल्या. मी खाली मान घालून बसलो होतो, मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं आणि दिसावं असं वाटतही नव्हतं. मग त्या उठून आत गेल्या. मी तासभर बाहेरच्या खोलीत बसून होतो. शेवटी त्या आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, चला." चप्पल घातलेली होती. आम्ही तसेच कारखान्यात गेलो. त्यांनी मला हाताला धरून नेलं, कारण जिन्याच्या पायऱ्या मला एकसारख्या दिसतात. साहेबांसमोर मी सगळं सांगितलं. जे लिहिलं ते, आणि चौकशीत काय लपवलं ते. अस्तर पक्कं होतं, असं साहेबांनी माझ्यासमोर लिहिलं. माझा अंगठा नको, सहीच करतो म्हटलं. सही कागदाबाहेर गेली, दुसऱ्यांदा करावी लागली.

आता मला पुन्हा बोलावतील. पुढे काय होईल ते होईल. कारखान्यात माझ्याशी कोणी बोलत नाही. एकजण मात्र मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, साय आली. बरोबर आहे त्याचं.

तू वीसला ये. पण मला सोडवायला म्हणून येऊ नकोस, नुसती ये.

मामा

*

ठिणगी,

यापुढचं मी माझं लिहितेय. ते बाहेर ओट्यावर बसलेत, त्यांना हे माहीत नाही.

तू त्यांना गप्प राहा म्हणून लिहिलंस, ते मी वाचलं. तुझ्या जागी मीही तेच लिहिलं असतं, म्हणून त्यावर बोलत नाही. त्यांना मी माफ केलेलं नाही. करीन असं वाटतही नाही. आमच्या ह्यांनी यंत्र पेटीत का ठेवलं, याचा राग तर मला त्यांच्यापेक्षा ह्यांचाच जास्त येतो, आणि तो काढायला माणूस उरला नाही.

तुझं जुलैचं पत्र मी ह्यांच्या फोटोसमोर वाचलं. पहिल्यांदा मनात आणि मग मोठ्याने. मला सगळं कळलं नाही. पण घरात महिनाभर त्या एका प्रश्नाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं, तेव्हा उत्तर आलंय तर ते सांगायला हवं होतं.

तुझ्या मामांना आता काही वाचता येत नाही. त्यांचं पत्र आमच्याच पत्त्यावर पाठव. अक्षर मोठं काढू नकोस, कागद वाया जातो. वाचणार मी आहे.